वाचनालयातील संगणक आणि नेटवर्क : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयाने गेल्या हिवाळ्यात सहा सार्वजनिक संगणक आणि त्यांच्यामागचे सारे नेटवर्क नव्याने उभे केले. उन्हाळा, वळीव आणि निम्मा पावसाळा त्याने पाहिल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. कार्यकारिणीत सगळी चर्चा झाली ती कोणते संगणक घ्यावेत याची. प्रत्यक्षात पैसे सार्थकी लागले ते तारेवर, अर्थिंगवर आणि एसएसडी (न फिरणारी, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) नावाच्या एका लहानशा भागावर.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि आमची चार जुनी यंत्रे त्यात बसत नव्हती, त्यामुळे ती भंगारात काढावीत असा आग्रह काही सभासदांनी धरला. तसे न करता आम्ही फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली आणि त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणक-प्रणाली घातली. पूर्वी बटण दाबल्यानंतर वर्तमानपत्राचे पहिले पान वाचून व्हायचे तरी यंत्र सुरू होत नसे. आता खुर्ची ओढून बसेपर्यंत पडदा तयार असतो. जमिनीचा उतारा पाहायला आलेल्या शेतकऱ्याला किंवा सीईटीचा अर्ज भरणाऱ्या मुलीला जुने यंत्र कोणते आणि नवे कोणते हे ओळखता येत नाही. डिजिटल सहीचे टोकन आणि आमचा जुना प्रिंटर मात्र लिनक्सवर आम्हाला चालवता आले नाहीत, म्हणून नव्या दोन संगणकांवर विंडोज ११ ठेवले.

खरी परीक्षा नेटवर्कने घेतली. इमारत जुनी, भिंती जांभ्याच्या आणि दीड-दोन फूट जाडीच्या. ग्रंथपालांच्या टेबलावरचा एकुलता राउटर त्यांच्यापुढे हतबल होता, आणि ५ गिगाहर्ट्झची लहर तर दुसऱ्या खोलीतही पोहोचत नसे. त्याहून महागडा राउटर घेण्याचा सल्ला आम्हाला मिळाला होता; तो न ऐकता प्रत्येक दालनात तार नेली आणि तिच्या टोकाला स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारे छोटे यंत्र, लावला, हे बरे झाले. पहिल्या खेपेस मात्र ‘कॅट ६’ (नेटवर्कच्या तांब्याच्या तारेचा एक दर्जा) म्हणून ओढलेली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघाली. दोन संगणकांचा वेग १०० एमबीपीएसवरच अडत होता, कारण गिगाबिटसाठी (१००० एमबीपीएस) तारेतील चारही जोड्या धड असाव्या लागतात आणि तेथे एकेक जोडी टोकाशी तुटली होती. तार घेताना तिचे टोक चाकूने खरवडून पाहावे; आत पांढरे दिसले तर परत करावी. आम्ही हे काम संपल्यावर शिकलो आणि सगळी तार दुसऱ्यांदा ओढली.

अंगणापलीकडच्या अभ्यासिकेकडेही आम्ही तांब्याचीच तार उघड्यावरून नेली होती. एप्रिलअखेरच्या एका वळवाच्या संध्याकाळी जवळच वीज कोसळली आणि स्विचसह (सगळ्या तारा जोडणारी पेटी) दोन संगणकांची नेटवर्क कार्डे गेली. आता दोन इमारतींमध्ये फायबर आहे. काचेच्या तंतूतून विजेचा लोट वाहत नाही, एवढे साधे कारण आम्हाला आधी सुचायला हवे होते. अर्थिंगचा खड्डाही मीठ-कोळसा घालून नव्याने केला. जांभ्याची जमीन उन्हात लवकर कोरडी पडते, त्यामुळे मार्च ते मे या काळात त्यात पाणी घालण्याचे काम शिपायांच्या यादीत लिहून ठेवले आहे.

वाचकांच्या दृष्टीने मोठा बदल म्हणजे पाहुण्यांचे खाते. लोक आधार कार्डाची आणि बँक पासबुकाची प्रत पडद्यावरच ठेवून निघून जात. आता खाते बंद होताच सगळे पुसले जाते. त्यात एका विद्यार्थ्याचा अर्धवट टंकलेला अर्जही पुसला गेला, तेव्हापासून ‘पेन ड्राइव्हवर साठवा’ अशी पाटी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लावली आहे. टंकनासाठी इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कळरचना ठेवल्याचाही येथे वेगळाच उपयोग झाला. त्यात ‘क’ आणि ‘ಕ’ एकाच कळीवर येतात, म्हणून मराठीत हात बसलेल्या मुलांना कन्नड अर्ज टंकायला नवे काही शिकावे लागले नाही. जुन्या फॉन्टमधील आमची इतिवृत्ते मात्र नव्या यंत्रांवर अगम्य चिन्हांसारखी दिसतात. ती कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये आणण्याचे काम अजून पडून आहे.

राहिलेली उणीव यूपीएसची. खर्च वाचवण्यासाठी तो फक्त राउटर आणि स्विचला दिला, त्यामुळे वीज गेली की मोबाइलवर वाय-फाय चालू राहते आणि समोरचे सहाही पडदे काळे होतात. सातव्या संगणकासाठी आलेली देणगी देणगीदारांच्या संमतीने आम्ही या कामाकडे वळवली आहे.