नायलर्न काही महिने वापरून: फुकट आहे, चांगलं आहे, पण टक्के स्वतः तपासा

एफएमआरआयमधून (मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारं स्कॅन) सिग्नल किती टक्के बदलला ते काढायला नायलर्न, म्हणजे पायथनचं एक टूल, घेतलं ते निव्वळ पैसे वाचवायला. एसपीएम हे याच कामाचं दुसरं टूल फुकट असलं तरी नेहमीच्या पद्धतीने चालवायला मॅटलॅब हे विकतचं सॉफ्टवेअर लागतं, आणि कुडाळात बसून त्याचं लायसन्स स्वतःच्या खिशातून भरणाऱ्यातला मी नव्हे. डेटा ओपनन्यूरो या मेंदूच्या स्कॅनच्या साइटवरचा, तोही फुकटच.

सुरुवातीला नुसते गोडवे गात होतो. एसपीएम अख्ख्या सेशनची सरासरी १०० ला आणतं, इथे डीफॉल्टलाच प्रत्येक व्हॉक्सेल (स्कॅनमधला एक छोटा ठोकळा) आपापल्या सरासरीने भागला जातो, म्हणजे बीटा (मॉडेलने काढलेला प्रतिसादाचा आकडा) आला की तेच टक्के, सुटलो! मग अर्ध्या सेकंदाच्या चित्रांना व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये (मेंदूचा बघण्याचा भाग) ८ टक्के आले. अहो, ३ टेस्लाच्या स्कॅनरला एक-दोन टक्के मिळाले तरी माणूस खूष असतो. तिथेच एक स्टार कापला.

गोची आहे रिग्रेसरच्या (मॉडेलला दिलेला अपेक्षित प्रतिसादाचा आलेख) उंचीत, आणि यावर मी कोणाचंही डोकं खाऊ शकतो. एचआरएफची, म्हणजे एका झटक्यानंतर सिग्नल कसा चढतो-उतरतो त्या ठरावीक आकाराची, बेरीज १ केलेली असते, त्यामुळे एसपीएमवाला एचआरएफ निवडला तर २० सेकंदांच्या सलग ब्लॉकला रिग्रेसर साधारण १ पर्यंत चढतो आणि बीटा म्हणजे जवळपास टक्केच, पण अर्ध्या सेकंदाच्या इव्हेंटला तो ०.१ च्या आसपास अडकतो आणि बीटा दहापट फुगतो. बीटाला त्या उंचीने गुणा, ८ चे ०.८ होतात. उंची घेताना डिझाईन मॅट्रिक्सच्या (सगळे रिग्रेसर मांडलेला तक्ता) कॉलमचा मॅक्स उचलू नका, इव्हेंट जवळजवळ असतील तर ते एकमेकांवर चढलेले असतात. एकट्या इव्हेंटचा रिग्रेसर वेगळा बनवून त्याची उंची घ्या. एवढी साधी गोष्ट टूलने आपणहून का सांगू नये? बाबा म्हणतात, "फुकट गावला तर नावां कित्याक ठेवतस?" त्यामुळे कापलेला स्टार अर्धा परत दिला.

आणि हो, मेंदूच्या कडेच्या व्हॉक्सेलची सरासरीच कमी असते, तिथले टक्के उगाच भडकतात, मास्क (कुठले व्हॉक्सेल मोजायचे तो साचा) नीट लावा.

टक्क्यांच्या ग्राफवरचे एरर बार (आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते दाखवणाऱ्या रेघा) आपले आपणच काढायचे. एन म्हणजे माणसं, व्हॉक्सेल नव्हे, ट्रायलही नव्हेत. पहिल्या लेव्हलचा, म्हणजे एकेका माणसाच्या मॉडेलचा, व्हेरियन्स त्या एका माणसाचा, तो ग्रुपच्या बारला चिकटवू नये. त्याच माणसांच्या दोन कंडिशन असतील तर साधा स्टँडर्ड एरर माणसामाणसातला फरकच दाखवत बसतो, म्हणून कुझिनोची २००५ ची पद्धत: प्रत्येकाची सरासरी वजा करून सगळ्यांची मिळवायची. पण त्याने बार जरा आखूड पडतात, मोरेची २००८ ची दुरुस्ती लावा, दोन कंडिशनला वर्गमूळ २ ने गुणणं. मी तर सरळ दोन कंडिशनमधला फरकच प्लॉट करतो, २० जण असतील तर स्टँडर्ड एररला २.०९ ने गुणून ९५ टक्क्यांचा इंटरव्हल.

आमच्याकडे पावसात लाईटचा भरवसा नाही, म्हणून मॉडेल बनवताना मेमरी या सेटिंगला कॅश फोल्डर (झालेलं काम साठवायची जागा) देऊन ठेवा, झालेल्या पायऱ्या परत चालवाव्या लागत नाहीत. फक्त तो फोल्डर फुगत जातो, मधूनमधून रिकामा करा.