बॉनेट गरम होते, तेव्हाच परत फिरायला हवे होते

गेल्या जानेवारीत मी नऊ वर्षे जुनी एक पेट्रोल गाडी २ लाख ३५ हजार रुपयांना विकत घेतली आणि चौथ्याच आठवड्यात तिच्या इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवावे लागले. त्याखालची पातळ पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, आधीपासूनच गेलेली होती. विकणाऱ्याला ते ठाऊक होते आणि मला ते दिसू नये म्हणून त्याने काय काय केले होते, ते नंतर एकेक करून उघड झाले. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात कर्नाटकातल्या आणि कोल्हापूरकडच्या जुन्या गाड्यांचे व्यवहार रोज होतात. आपल्यापैकी कोणी अशा व्यवहारात असेल तर त्याने हे सविस्तर वाचावे, म्हणून लिहीत आहे.

मी खानापूर तालुक्यात शिक्षक आहे. वडिलांना महिन्यातून तीन-चार वेळा तपासणीसाठी बेळगावला न्यावे लागते आणि पावसाळ्यात त्यांना घेऊन बसने जाणे फार जिकिरीचे होते. ओळखीतून निपाणीच्या एका एजंटाचा फोन नंबर मिळाला. गाडी एमएच-०९ पासिंगची, म्हणजे कोल्हापूरची होती. मी सकाळच्या बसने निपाणीला उतरलो, तर हा गृहस्थ तीच गाडी घेऊन बसस्थानकावर हजर होता. "सर, तुम्ही कशाला रिक्षा करता? मी आलो ना न्यायला," असे तो म्हणाला आणि त्याच्या अगत्याने मी भारावून गेलो. इंजिन पूर्ण गरम असतानाच मी ते पहिल्यांदा पाहावे, ही त्या अगत्यामागची योजना होती, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

गाडी स्वच्छ धुतलेली होती, इंजिनसुद्धा धुतलेले होते. मी ऑइल पाहायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढून पाहिली. ऑइल नवे आणि पारदर्शक होते. ऑइलमध्ये पाणी गेले की ते दुधाळ होते, एवढे मला ऐकून माहीत होते, त्यामुळे माझे समाधान झाले. फेरी मारताना मी तवंदी घाटाकडे जाऊ या म्हटले, तर त्याने "घाटात ट्रकांची रांग असते" असे सांगून गाडी चिकोडीच्या सपाट रस्त्याला वळवायला लावली. तापमानाचा काटा पूर्ण फेरीत मध्यापर्यंतही चढला नाही आणि मला ते फार चांगले लक्षण वाटले. बॉनेटखालचा पंखा चावी फिरवल्यापासून सतत फिरत होता. त्याचा आवाज मी ऐकला होता, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. दुपारी स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या. मजकूर कन्नडमध्ये होता. मला कन्नड बोलता येते, पण वाचायला वेळ लागतो, आणि समोर दोन माणसे ताटकळत उभी असल्याने मी तो पूर्ण वाचला नाही.

फेब्रुवारीत आई-वडिलांना घेऊन गोव्यात साखळीला नातेवाइकांकडे गेलो. जाताना उतार असल्याने काहीच जाणवले नाही. परत येताना केरीपासून चोर्ला घाट चढू लागलो आणि मध्यावर आल्यावर काटा अचानक वर सरकू लागला. गाडीची ओढ कमी झाली, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर आला आणि बाजूला थांबेपर्यंत काटा लाल खुणेला टेकला होता. बॉनेट उघडले तर कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली खदखदत होती. मी रेडिएटरच्या झाकणाला हात लावायला निघालो होतो, तेवढ्यात थांबलेल्या एका ट्रकचालकाने मला मागे ओढले. त्याचे मी आजही मनोमन आभार मानतो, कारण दाबाखालचे ते पाणी झाकण सैल होताच उसळते आणि चेहरा, हात भाजून काढते. वडील दीड तास उन्हात दगडावर बसून होते. इंजिन निवल्यावर पाणी भरून कसेबसे कणकुंबीपर्यंत पोचलो आणि तिथून गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून बेळगावला आणावी लागली.

बेळगावच्या मेस्त्रींनी लगेच काहीच सांगितले नाही. "सर, आज रात्रभर गाडी इथेच राहू द्या आणि सकाळी तुम्ही स्वतः या," असे ते म्हणाले. सकाळी त्यांनी मला शेजारी उभे करून जे दाखवले, ते गाडी घेण्याआधी पाहिले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामधली पातळ, थरांची पट्टी. सिलिंडरमधला ज्वलनाचा प्रचंड दाब, ऑइल आणि थंड ठेवणारे पाणी यांच्या वाटा एकमेकींपासून अलग ठेवणे हे तिचे काम असते. ती नेमकी कुठे फाटते त्यावर लक्षणे ठरतात, आणि माझी चूक इथेच झाली होती. ती ऑइलच्या आणि पाण्याच्या वाटेमध्ये फाटली तर ऑइल दुधाळ होते; पण सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्येच फाटली, तर ऑइल अगदी स्वच्छ राहू शकते. त्यामुळे स्वच्छ ऑइल पाहून निर्धास्त होण्यात काहीच अर्थ नाही. उलट आमच्या खानापूरच्या पावसात जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या चांगल्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखालीही दमटपणामुळे थोडा पांढरट थर दिसू शकतो, त्यावरून घाबरून जाण्याचेही कारण नाही.

मेस्त्रींनी थंड रेडिएटरचे झाकण उघडले. आत तपकिरी, रवाळ गाळ होता. गळती तात्पुरती बुजवणारे औषध त्यात ओतलेले होते. अशी औषधे फटीत घट्ट होऊन काही दिवस किंवा काही आठवडे काम भागवतात आणि त्याच वेळी रेडिएटरच्या बारीक नळ्याही चोंदवतात. नंतर त्यांनी झाकण उघडे ठेवूनच इंजिन चालू केले. पाण्यातून बुडबुडे येऊ लागले आणि ते थांबेनात. नव्याने पाणी भरलेल्या गाडीतून अडकलेली हवा थोडा वेळ बाहेर येते आणि थांबते. येथे मात्र सिलिंडरमधला वायूच पाण्यात शिरत होता. झाकण लावून पुन्हा इंजिन चालू केले, तेव्हा एक-दोन मिनिटांतच रेडिएटरची वरची नळी दगडासारखी ताठ झाली, आणि पाणी तर अजून कोमटही झालेले नव्हते. पाणी तापलेले नसताना एवढा दाब सिलिंडरमधल्या वायूशिवाय दुसऱ्या कशाने येणार?

स्पार्क प्लग काढले तेव्हा तीन प्लग नेहमीसारखे तपकिरी होते आणि तिसऱ्या सिलिंडरचा वाफेने धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ निघाला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजल्यावर पहिला आणि चौथा सिलिंडर १७० पीएसआयच्या आसपास, तर शेजारशेजारचे दुसरा आणि तिसरा १००च्या घरात भरले. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर त्यांच्या मधल्या भिंतीवर गॅस्केट जळाले असण्याची शक्यता फार मोठी असते. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, जागेवर नव्हताच. तो काढून टाकल्यामुळे काटा वर चढत नव्हता. पंख्यालाही थेट वायर जोडलेली होती, म्हणून तो गरज नसतानाही सतत फिरत होता. माझ्या समाधानाला कारण ठरलेली प्रत्येक गोष्ट मुद्दाम घडवून आणलेली होती, हे मला त्या सकाळी कळले.

हेड उद्यमबागमधल्या मशीन शॉपमध्ये नेले. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून पाहिल्यावर ते वाकलेले निघाले. ॲल्युमिनियमचे हेड अतिगरम झाल्यावर वाकते आणि फेसिंग न मारता, म्हणजे त्याची बाजू घासून सपाट न करता, नुसते नवे गॅस्केट बसवले तर ते पुन्हा जाते, म्हणून तडा नाही ना याची दाबाने खात्री करून फेसिंग मारून घेतले. गॅस्केट संच, हेडचे नवे बोल्ट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, चोंदलेला रेडिएटर आणि मजुरी मिळून ३४ हजार रुपये गेले.

एजंटाने फोनवर स्टॅम्पपेपरचा दाखला दिला. मी तो एका सहकाऱ्याकडून वाचून घेतला, तेव्हा "गाडी पूर्ण तपासून, समाधान झाल्यावर, आहे त्या स्थितीत घेतली" असे त्यात असल्याचे कळले. आरसीवरच्या मूळ मालकांना मी कागलजवळच्या त्यांच्या गावी जाऊन भेटलो. ते वयस्कर गृहस्थ मनापासून हळहळले. "अहो, गाडी पाणी खाते हे मी त्याला सांगूनच कमी किमतीत दिली होती," असे ते म्हणाले. म्हणजे मालकाने एजंटाला जे खरे सांगितले, ते एजंटाने माझ्यापासून लपवले. त्याच्याकडे परिवहन खात्याचे अधिकारपत्र आहे का, हेही मी आधी विचारले नव्हते. जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा धंदा करणाऱ्यांनी ते घ्यावे असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि त्या तयारीला मी लागलो आहे, पण दोन्ही राज्यांत कागदपत्रे गोळा करण्यात किती दिवस आणि किती रजा जातात, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

गाडी पाहायला जाताना आदल्या रात्रीच फोन करून ती सकाळी चालू करू नका असे स्पष्ट सांगावे आणि पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. इंजिन थंड असेल तरच रेडिएटरचे झाकण उघडता येते; ते उघडून पाण्याचा रंग आणि गाळ पाहावा, इंजिन स्वतः चालू करावे, बुडबुडे आणि वरची नळी पाहावी. थंडीत सुरुवातीला सायलेन्सरमधून थोडी वाफ आणि पाण्याचे थेंब येणे स्वाभाविक आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर चालूच राहिला तर मात्र संशय घ्यावा. त्या धुराला गोडसर वास येतो म्हणतात, तो कूलंटमधल्या ग्लायकॉलचा असतो. माझ्या गाडीत नुसते पाणी भरलेले असल्याने तसा वास कधी आलाच नाही. एखाद्या गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडाशी लावून तपासण्याची सोय असेल तर ती जरूर करावी. ज्वलनाचा वायू पाण्यात असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा पडतो. शेवटी गाडी घाटात, एसी लावून, किमान अर्धा तास चालवावी. विकणारा घाट टाळत असेल तर कारण कितीही पटण्यासारखे असले तरी आग्रह सोडू नये.

मागच्या महिन्यात शाळेतल्या एका सहकाऱ्यासोबत मी चिकोडीला एक गाडी पाहायला गेलो. सकाळी साडेसहाला बॉनेटवर हात ठेवला, तर ते गरम होते. थंडीत बॅटरी उतरते म्हणून चालू केली होती, असे मालक म्हणाले. आम्ही चहा घेतला आणि उद्या पुन्हा येतो, तेवढी चालू करू नका, असे विनंतीपूर्वक सांगून निघालो. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा फोन उचलला नाही.