रविवारच्या बाजारातील खपली

पुण्याच्या पश्चिम भागात, आमच्या वसाहतीजवळच्या मोकळ्या मैदानावर दर रविवारी सकाळी सेंद्रिय माल आणि सकस धान्यांचा बाजार भरतो. त्या बाजारातील एका विक्रेत्याकडून मी सलग चौदा महिने खपली गव्हाचे पीठ, लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल आणि काळा गूळ घेतला, पुढील वर्षाच्या मालापोटी त्याला १२,००० रुपये आगाऊ दिले, आणि त्यांतील ९,००० रुपये अद्याप परत मिळालेले नाहीत. मी बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातील बरीच वर्षे कर्जविभागात लोकांचे सातबारे व तारणाचे कागद तपासण्यात घालवली, त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु आमच्याच इमारतीतील आणखी चार कुटुंबांनी असेच पैसे दिले असल्याचे नंतर कळले, आणि हा माणूस अजून धंद्यात आहे, म्हणून जे घडले ते क्रमाने सांगते.

माझ्या यजमानांना मधुमेह आहे. खपलीच्या पोळीने साखर लवकर चढत नाही असे आम्ही ऐकले होते, आणि दुकानात साधा लोकवन गहू ४५ रुपये किलो असताना या स्टॉलवर खपलीचे पीठ १३० रुपयांना मिळत असे. स्टॉल चालवणारा तरुण आणि त्याची पत्नी दोघेही अत्यंत अगत्यशील होते. 'आमचे शेत, आमचे बियाणे' असा मजकूर आणि शेजारी प्रमाणपत्राचे छायाचित्र असलेला फ्लेक्स पाठीमागे लावलेला असे, आणि समोर गेले की तो आधी गुळाचा खडा हातावर ठेवत असे. तिसऱ्या रविवारी त्याने माझ्या यजमानांची साखर किती आली हे विचारले, आणि मला वाटते, त्याच दिवशी मी त्याला काही विचारणे बंद केले.

आषाढात त्याने 'सभासद योजना' काढली. खपलीच्या पेरणीला भांडवल कमी पडते, सावकाराकडे जाण्यापेक्षा तुमच्यासारख्या घरच्या माणसांकडून घेतलेले बरे, १२,००० रुपये भरा आणि वर्षभर पीठ, तेल व गूळ २० टक्के कमी दराने न्या, असे त्याचे म्हणणे होते. मोबाइलवर हिरव्यागार शेताचे छायाचित्र दाखवून 'काकू, ही बघा तुमची खपली' असेही तो म्हणाला. मी पैसे दिले. पावती मागितली तेव्हा त्याने वहीच्या पानावर रक्कम लिहून दिली, त्यावर ना तारीख होती ना पत्ता. एखाद्या कर्जदाराने असा कागद टेबलावर ठेवला असता तर मी तो तसाच परत केला असता.

उलगडा झाला तो माझ्या आत्यामुळे. आत्या शिरोळ तालुक्यातील. तिच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे खपली पिकते. ती आमच्याकडे पंधरा दिवसांसाठी आली तेव्हा तिने खपलीची खीर करायचे ठरवले आणि मला अख्खे गहू आणायला सांगितले. स्टॉलवर अख्खी खपली नव्हती. त्याने पुढच्या रविवारी आणतो असे सांगितले, पुढच्या रविवारी टेंपोत जागा नव्हती असे सांगितले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की चौदा महिन्यांत या माणसाच्या स्टॉलवर मी खपलीचा एक दाणाही पाहिलेला नाही. त्याच्याकडे कायम पीठच असे, आणि 'ताजे दळून आणतो' हे त्याचे कारण मला इतके पटले होते की मी ते मैत्रिणींनाही सांगत असे.

घरी आत्याने तेच पीठ परातीत घेतले, पाणी घालून मळले, लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांनी ओढला आणि तो तुटेपर्यंत मला दाखवला. तो चांगला वीतभर लांबला. "ही खपली न्हवं गं," ती म्हणाली, "खपलीची कणीक अशी ताणत न्हाई, मोडती." खपलीच्या पोळीला लालसर झाक असते, कडा चिरतात, आणि लाटताना हात हलका ठेवावा लागतो, माझ्या पोळ्या मात्र वर्षभर लोकवनासारख्या मऊसूत होत होत्या आणि त्याचे श्रेय मी माझ्या हाताला देत होते. मी तिला आषाढातील पेरणीची हकिगत सांगितली तेव्हा ती हसायला लागली, कारण खपली हे रब्बीचे पीक आहे, तिची पेरणी दिवाळीच्या सुमारास होते आणि काढणी शिमग्याच्या आसपास. आषाढात त्याने दाखवलेले हिरवे शेत कशाचे होते हे तिलाही सांगता आले नाही.

ज्यांना खपली घ्यायची आहे त्यांनी एकदा तरी अख्खी घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन. साधा गहू मळणीत तुसातून सुटतो. खपलीचा दाणा मळणीनंतरही तुसातच राहतो आणि तो कांडून किंवा यंत्रावर सोलून काढावा लागतो, आणि महागाईचे एक कारण तेच आहे. दाणा लांबट, तांबूस, कठीण आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. असा दाणा एकदा पाहिला की लोकवन त्याच्या नावाखाली खपवता येत नाही, आणि तो पाहायला मिळू नये म्हणूनच पीठ विकले जाते.

त्यानंतर मात्र मी जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. फ्लेक्सवरील प्रमाणपत्राचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते मोठे करून वाचले. ते पीजीएस-इंडिया या योजनेचे होते. या योजनेत शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतो. निर्यातीसाठी आणि मोठ्या मालासाठी त्रयस्थ संस्थेकडून होणारे एनपीओपीचे (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे) प्रमाणन वेगळे असते. पीजीएसची पद्धत चांगली आहे, पण ती हमी त्या गटातील शेतकऱ्याची, त्याच्या शेताची आणि त्याच्या पिकांची असते, तो कागद टांगणाऱ्या कोणाचीही नव्हे. आमच्या विक्रेत्याच्या फ्लेक्सवरील कागदावर नाव दुसऱ्याचे होते, आडनाव तेवढे सारखे होते. पिकांच्या रकान्यात हळद आणि आले होते, गव्हाचा उल्लेख नव्हता. मुदत आदल्या वर्षीच संपली होती. आणि वर 'ग्रीन' असे लिहिलेले होते, ज्याचा अर्थ जमीन सेंद्रिय होण्याच्या वाटेवर आहे, अजून झालेली नाही. एवढे सगळे त्या कागदावरच छापलेले होते आणि तो कागद दर रविवारी माझ्यापासून चार फुटांवर लटकत होता. पाकिटावरील परवान्याचा चौदा आकडी क्रमांक अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' या संकेतस्थळावर घातला तर तो दुसऱ्याच जिल्ह्यातील एका मसाला कांडप व्यवसायाचा निघाला.

हे सगळे मी त्याला विचारले तेव्हा त्याने तयार असलेले उत्तर दिले, आणि ते उत्तर अर्धे खरे असल्यामुळे येथे सांगणे आवश्यक आहे. तो म्हणाला की लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्र लागतच नाही. सेंद्रिय अन्नाच्या २०१७ च्या नियमांत थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या मूळ उत्पादकाला प्रमाणनातून सूट आहे, हे खरे आहे. वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असावी अशी मर्यादा पुढे त्यात आली. परंतु ती सूट पिकवणाऱ्याला आहे, मार्केट यार्डातून पोती उचलून स्टॉल मांडणाऱ्याला नाही, आणि सूट घेणाऱ्याला पाकिटावर 'जैविक भारत'ची, म्हणजे प्रमाणित सेंद्रिय मालाची, खूण छापता येत नाही. याच्या पाकिटावर ती खूण छापलेली होती. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "काकू, गिरणीवाल्याने मिसळले असेल," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेलाचा हिशेब तर कोणालाही घरबसल्या करता आला असता. लाकडी घाण्यावर एक लिटर शेंगदाणा तेलासाठी साधारण २.५ किलो दाणे लागतात. आमच्या वाण्याकडे तेव्हा दाणे १२० रुपये किलो होते, म्हणजे ३०० रुपयांचे दाणे. पेंड विकून ५०-६० रुपये सुटले असे धरले आणि त्याला दाणे थोडे स्वस्त पडले असे मानले, तरी काचेची बाटली, घाण्याची मजुरी आणि टेंपोचे भाडे धरून तो २२० रुपयांना लिटर कसे विकत होता याचे उत्तर एकच आहे: ते निव्वळ घाण्याचे शेंगदाणा तेल नव्हते. मी मात्र मधले दलाल नाहीत म्हणून स्वस्त, असे समजून दोन-दोन बाटल्या घेत होते. घाण्याच्या तेलात बसतो तसा साका, म्हणजे गाळ, त्या बाटल्यांच्या तळाशी कधीही बसला नाही, आणि तेल किती स्वच्छ म्हणून मी त्याचे कौतुकच केले. गुळाची गोष्टही तशीच. पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रॉस हे रंग उजळवणारे रसायन घालून केलेला असतो हे आता सर्वांना ठाऊक झाल्यामुळे काळ्या रंगालाच लोक प्रमाणपत्र समजतात. पण करपलेला, जुना किंवा हलक्या प्रतीचा गूळही काळाच दिसतो, आणि त्यात साखर मिसळलेली असली तरी रंगावरून ते कळत नाही.

पैशांपेक्षा दोन गोष्टींचा मला अधिक राग आहे. पहिली घरातली आहे: खपलीच आहे म्हणून आमचे यजमान दोनाच्या जागी चार पोळ्या खात होते, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.१ वरून ८.४ झाली तेव्हा डॉक्टरांनी औषध वाढवले. यात पिठाचा वाटा किती आणि चार पोळ्यांचा किती हे मी सांगू शकत नाही. खरी खपली असती तरी चार पोळ्या त्या चारच. दुसरी गोष्ट गंभीर आहे. आमच्या शेजारणीच्या नातीला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन तिला अजिबात चालत नाही, आणि या विक्रेत्याने शेजारणीला खपली 'ग्लुटेन-फ्री' असल्याचे सांगून पीठ विकले. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असतेच. ती शंभर टक्के अस्सल असती तरी त्या मुलीसाठी अपायकारकच होती. मुलगी आठवडाभर आजारी होती. असे सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्या बाकीच्या कोणत्याही शब्दावर विश्वास ठेवू नये.

याच बाजारात टोकाला मुळशीकडचे एक म्हातारे शेतकरी बसतात. त्यांच्याकडे तीन-चार भाज्या आणि हातसडीचा इंद्रायणी तांदूळ एवढेच असते, मे महिन्यात तर पाटी जवळजवळ रिकामी असते. मी पहिल्याच भेटीत त्यांना सेंद्रिय आहे का विचारले होते, तेव्हा त्यांनी "भाताला युरिया टाकतो थोडा, फवारणी नाही करत" असे उत्तर दिले होते, आणि मी तेथून उठून बाराही महिने फ्लॉवर, ढोबळी मिरची, खपली, तेल आणि गूळ असे सर्व काही 'स्वतःच्या शेतातले' विकणाऱ्याकडे गेले होते.

मी पैसे परत मागितल्यावर त्याने ३,००० रुपये दिले आणि उरलेले पुढच्या रविवारी देण्याचे कबूल केले. पुढच्या रविवारी स्टॉल नव्हता, फोनही बंद होता. बाजाराच्या आयोजकांनी, आम्ही फक्त जागेचे भाडे घेतो, मालाची पडताळणी करत नाही, असे स्वच्छ सांगितले. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेले तर त्यांनी बंद पाकीट आणि बिल मागितले, आणि माझ्याकडे डब्यात ओतलेले पीठ आणि वहीचे एक पान होते. तेथेच मला समजले की अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून अन्नविश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो आणि माल सदोष निघाल्यास ते शुल्क परत मिळते, मात्र आपण हा माल तपासायला देणार आहोत हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते. एवढे वाक्य नुसते उच्चारले असते तरी त्याचा चेहरा काय झाला असता ते पाहण्यासारखे होते.

त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता आम्ही पाच कुटुंबे मिळून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहोत. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे शुल्क नाही. पुरावा म्हणून यूपीआयच्या नोंदी काढल्या, त्या माझ्या एकटीच्या सत्तेचाळीस भरल्या. प्रत्येक नोंदीत पैसे घेणाऱ्याचे नाव आहे, आणि त्या नावाचा शेवटचा शब्द 'ट्रेडर्स' असा आहे. पैसे पाठवण्याआधी ते नाव दर वेळी पडद्यावर येत होते, मी ते वाचून खात्री करत होते आणि मगच पिन टाकत होते.

परवा इमारतीतील एका मुलीने शहराच्या दुसऱ्या टोकाला भरणाऱ्या शनिवारच्या बाजारातील एक छायाचित्र पाठवले. त्यात तेच दोघे आहेत, फ्लेक्स नवा आहे, आणि त्यावर खपलीच्या जागी आता 'आमच्या गोठ्यातील देशी गाईचे तूप' असे लिहिलेले आहे. ते छायाचित्र आम्ही तक्रारीला जोडले आहे.