‘अबॉलिशन’ या एका शब्दावर घेतलेली कोशाची परीक्षा

कोणत्याही नव्या कोशात आधी एकच अडचणीचा शब्द उघडून पाहायचा, ही माझी जुनी खोड आहे. कायद्याच्या कागदपत्रांचे भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे, गेल्या महिन्यात मोबाइलवर पैसे भरून घेतलेल्या इंग्रजी-मराठी कोशात मी ‘अबॉलिशन’, म्हणजे एखादी प्रथा किंवा व्यवस्था संपवणे, हा शब्द शोधला.

व्युत्पत्तीचा भाग उत्तम आहे. लॅटिन ‘अबोलेरे’ म्हणजे नाहीसे करणे. रोमन कायद्यात ‘अबोलितिओ’ म्हणजे दाखल झालेला आरोप मागे घेणे. पुढे फ्रान्समध्ये राजाने दिलेली माफी, हे सगळे टप्पे नोंदीत आहेत, आणि एवढे मोबाइलवर मिळेल असे मला वाटले नव्हते.

इतिहासाच्या टिपेत मात्र घोटाळा आहे. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामगिरी रद्द केली, असे तीत म्हटले आहे. त्या वर्षीच्या कायद्याने बंद झाला तो गुलामांचा व्यापार. गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ चा, १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झालेला, आणि तोही ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळून. हिंदुस्थानासाठी १८४३ चा पाचवा कायदा यावा लागला. मराठी वाचकांसाठी केलेल्या कोशात निदान हे शेवटचे वाक्य तरी हवे होते.

खरी निराशा केली ती प्रतिशब्दांनी. ‘रद्द करणे, निर्मूलन, उच्चाटन, नष्ट करणे’ अशी स्वल्पविरामांची एक ओळ देऊन नोंद संपते. उदाहरणाचे वाक्य एकही नाही. पण कर रद्द होतो, त्याचे निर्मूलन होत नाही; देवीच्या रोगाचे निर्मूलन झाले, तो रद्द झाला नाही. ‘निर्मूलना’त मूळ उपटणे आहे, तर ‘उच्चाटन’ हे तंत्र-मंत्राच्या विद्येतल्या षट्कर्मांपैकी (सहा कर्मांपैकी) एक, म्हणजे माणसाला मंत्राने जागेवरून हुसकावण्याचे कर्म असल्यामुळे त्यात हाकलण्याची छटा अजून शिल्लक आहे. संविधानाच्या मराठी प्रतीतील १७ वा अनुच्छेद अस्पृश्यता ‘नष्ट’ करतो, आणि ते योग्यच आहे. ‘रद्द’ व्हायला आधी एखादा हुकूम, ठराव किंवा परवाना कागदावर असावा लागतो, अस्पृश्यता अशा कोणत्या एका कागदाने सुरू झालेली नव्हती.

शोध झटपट लागतो, इंटरनेट नसतानाही चालतो, अक्षर सुवाच्य आहे. व्युत्पत्तीपुरता हा कोश मी ठेवला आहे. मसुद्यात शब्द लिहिण्यापूर्वी मात्र कपाटातला जाड कोश काढावाच लागतो.