कळकट केलेली सायकल: आठ महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं, काय उतरलं

सायकल चोराच्या नजरेतून उतरावी म्हणून तिला मुद्दाम कळकट करायचं, हा उपाय बडोद्यात एप्रिल ते नोव्हेंबर वापरून झाला. मे महिन्याचं ऊन, अख्खा पावसाळा आणि नवरात्रीची गर्दी, सगळं त्यात आलं. सायकल स्टीलच्या फ्रेमची, 21 गिअरची हायब्रिड. अपडाउन करणाऱ्यांची असते तशी सकाळी स्टेशनाजवळ लावायची, संध्याकाळी सोडवायची. मधूनच रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात तासाभराचा थांबा. सायकल अजून जागेवर आहे. पण कुलूप तकलादू असेल तर यातलं काहीही करू नका, आधी कुलूप बदला.

पाच पावलांवरून दिसतं ते तीनच गोष्टींमुळे: रंगाची चकाकी, खालच्या नळीवरचं कंपनीचं मोठं नाव आणि सीटचा नवेपणा. तेवढं मारलं की बाकीचं जवळ आल्याशिवाय कळत नाही. सीटचं काम सर्वांत सोपं. दुधाची किंवा किराण्याची पिशवी सीटवर चढवून खाली गाठ मारायची. फाटलेली सीट पावसापासून झाकलीय असंच वाटतं, आणि सीट कोरडीही राहते. पिशवी दर तीन आठवड्यांनी फाटते, तेव्हा दुसरी चढवायची.

स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून निघतात, उरलेला चिकटा खोबरेल तेलाने सुटतो. मात्र नाव वार्निशच्या थराखाली छापलेलं असेल तर ते खरवडत बसू नका, त्यावर रंगच मारा. 320 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईल इतकंच घासायचं, धातू उघडा पाडायचा नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मॅट काळ्या स्प्रेचे दोन पातळ हात द्यायचे. 400 मिलीचा एक डबा फ्रेम आणि फोर्कला पुरला. रिमची ब्रेक घासते ती कड, ब्रेकचे गुटके आणि चेन यांवर कण उडता कामा नये. डिस्क ब्रेक असेल तर चाकं आणि ब्रेकचे पॅडही काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. पॅड स्प्रे शोषून घेतात आणि मग ते फेकावेच लागतात.

फ्रेम नंबर बहुतेक सायकलींवर पायडलच्या कप्प्याखाली ठोकलेला असतो. रंगाआधी त्याचा फोटो काढा आणि त्यावर चिकटपट्टी लावा. घासताना तो झिजवू तर अजिबात नका. सायकलला नंबरप्लेट नसते, त्यामुळे बिल आणि हा नंबर एवढाच तुमचा पुरावा.

आता खोटा गंज. रेड ऑक्साइड प्रायमर तसाच लावला तर बिल्डिंगच्या गेटसारखा दिसतो. दोन चमचे प्रायमरमध्ये पाव चमचा काळा मॅट रंग घाला. स्पंज कापू नका, हाताने फाडा. त्याची फाटकी कड रंगात बुडवून आधी वर्तमानपत्रावर टिपायची, मग फ्रेमवर टेकवायची. जागा खऱ्या गंजाच्याच निवडायच्या: जोडांच्या कडा, सीटच्या पकडीखाली, बाटलीच्या स्टँडच्या बोल्टभोवती, हँडलपाशी केबल घासते तिथे. बोल्टखालून एक बारीक ओघळ खाली ओढा. नळीच्या मधोमध आलेला डाग लगेच रंगवलेला वाटतो. रंग ओला असतानाच चाळलेली विटेची भुकटी चिमटीने सोडली की बोटाला खरखरीत लागतं. आठ महिन्यांनी खालच्या बाजूचा हा थर जसाच्या तसा आहे, वरच्या नळीवरचा पँट घासून गेला.

एक चूक बरेच जण करतात. ॲल्युमिनियमला लाल गंज चढत नाही. जाड ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर तांबूस डाग पाहून कुणालाही शंका येईल. तिथे फक्त मळकट मॅट रंग मारा, ओघळ लोखंडी बोल्टखालीच काढा. कार्बन फ्रेमला पॉलिश पेपर लावूच नका.

पांढरा सुतारी गोंद आणि माती यांचा लेप मात्र साफ फसला. उन्हाळाभर छान दिसला, पण पहिल्या जोरदार पावसात मऊ होऊन ओघळला आणि रिमवर आला. ब्रेक किंचाळायला लागले. वाळूचे कण गुटक्यात रुतून रिमवर चरे पडले, आणि ते चरे कायमचे आहेत. चिखल हवाच असेल तर तो पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यातून (रेल्वेखालच्या रस्त्यातून) फुकट मिळतो.

काळी इन्सुलेशन टेपही बडोद्याच्या उन्हापुढे टिकत नाही. मे महिन्यात तिचा गोंद पाझरतो, टोकं उलटतात, हात चिकट होतात. त्याहून वाईट म्हणजे तिच्याखाली पाणी अडकतं. ऑगस्टमध्ये सोडली तेव्हा खाली खऱ्या गंजाचे ठिपके निघाले. तिच्या जागी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम. पंक्चरवाल्याकडून टाकाऊ ट्यूब आणा, उभी चिरा, आतली पावडर धुवा, तीन सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापा. गुंडाळताना खालून वर जायचं, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर कौलासारखा चढतो आणि पाणी आत न शिरता वाहून जातं. टोकांना प्लास्टिकचे केबल टाय. फ्रेमच्या तळाशी पाणी निघायचं भोक असेल तर ते उघडं ठेवा. पावसाळ्यात दोन महिन्यांतून एकदा सोडून, पुसून पुन्हा गुंडाळायचं.

सीट आणि चाकांचे क्विक रिलीज (हातानेच उघडणारे खटके) काढून ॲलन बोल्टचे, म्हणजे सहाकोनी चावीने फिरणारे लावले. 5 मिमीच्या ॲलन खाचेत 3/16 इंचाची बेअरिंगची गोळी नीट बसते, वर मेण भरलं की चावी आत जात नाही. पण मेण उन्हात वितळून वाहतं, म्हणून सिलिकॉन सीलंट भरा. गोळी ठोकू नका, ती सैलच हवी. काढायची असेल तेव्हा सीलंट टोच्याने उकरून चुंबकाने ओढता येते. हे फक्त सीट आणि हँडलच्या बोल्टला करा, चाकांना नको. रस्त्यात पंक्चर झालं की तुम्हीच अडकाल.

कुलूप यू आकाराचं, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून मागच्या रिमसकट खांबाला. पुढच्या चाकाला वेगळी साखळी. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका, फरशीवर ठेवून घाव घालणं सोपं जातं.

दोन गोष्टी आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. मॅट काळी सायकल रात्री दिसतच नाही, त्यामुळे मागचा लाल आणि पायडलचे रिफ्लेक्टर ठेवाच, चाकांवर काळी परावर्तक पट्टी लावा. दिवसा ती कळत नाही, दिव्यात चमकते. दुसरी गोष्ट, कळकट सायकलीला कुणी जपत नाही. पार्किंगमध्ये इतरांच्या सायकली तिच्यावर रेलतात, दोनदा मागच्या गिअरचा हँगर (गिअर जिला टांगलेला असतो ती पट्टी) वाकला. आता गिअरची बाजू नेहमी भिंतीकडे. दुरुस्तीला देतानाही मिस्त्रीला आधी सांगावं लागतं की हा गंज रंगाचा आहे, नाहीतर तो बोल्टवर हातोडी उगारतो.

आतून मात्र ती नव्यासारखीच ठेवलेली आहे. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी चेन पुसून तेल, ऑक्टोबरमध्ये हबचं ग्रीस बदललं, टायरची हवा आठवड्याला तपासायची. पुढचं काम वरच्या नळीवरचा गेलेला थर. या वेळी भुकटीवर मॅट क्लिअरचा (बिनचकाकीच्या पारदर्शक रंगाचा) एक पातळ हात देऊन बघायचाय.