पोक्सोतलं अपील: संभाजीनगर का दिल्ली?
परभणी, बीडकडं पोक्सोत (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात) शिक्षा लागली की घरचे वकिलाला पहिलं हेच विचारतात, डायरेक्ट सुप्रीम कोर्टात जाता येतं का. नाही येत. आधी संभाजीनगरचं खंडपीठ (मुंबई हायकोर्टाचं, १९८१ पासून आहे ते), तिथलं अपील हक्काचं, मुदत ६० दिवस, अन् तिथं सगळा पुरावा पहिल्यापासून तपासतात म्हणजे लेकराचा जबाब, मेडिकल, शाळेतला जन्मतारखेचा दाखला, कारण वय १८ च्या खाली सिद्धच नाही झालं तर पोक्सो टिकतच नाही. लेकराला सहसा परत बोलवत नाहीत, कागदावरच चालतं, अन् जबाब विश्वासाचा वाटला तर तेवढ्यावरही शिक्षा कायम राहते बरं का. कलम २९ चं गृहीतक (आरोपीनं गुन्हा केलाय असं कोर्ट धरून चालतं, उलटं त्यानं सिद्ध करायचं) आहे खरं, पण मूळ गोष्टी सरकारी पक्षालाच सिद्ध कराव्या लागतात.

दिल्लीत, म्हणजे सुप्रीम कोर्टात, आधी परवानगी मागा. पुरावा सहसा परत चाळत नाहीत, कायद्याचा अर्थ चुकला किंवा उघड अन्याय झाला तरच बघतात. पण निकाल देशभर लागू, नागपूर खंडपीठाचा 'स्किन टू स्किन'वाला निकाल (कपड्यावरून हात लावला तर पोक्सोतला लैंगिक हल्ला नाही म्हणणारा) नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथंच रद्द झाला ना. तरी मला विचाराल तर खरी लढाई खंडपीठातच.