भोपळा-सफरचंदाचं सूप: ओव्हन, कढई की कुकर?

अर्धा किलो लाल भोपळा, एक मध्यम सफरचंद, एक कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या, आलं, जिरं, मिरी. चौघांपुरत्या सूपाला एवढं सामान पुरतं आणि तिन्ही पद्धतींत ते बदलत नाही. चव ठरते ती भाजण्यावर.

ओव्हनला माझं पहिलं मत. 200 अंशांवर, इंचभर फोडींना तेल चोळून, साधारण 35 ते 40 मिनिटं. सफरचंद अर्ध्या वेळानंतर ट्रेमध्ये टाकायचं, नाहीतर त्याचा लगदा होतो. लसूण सालीसकट. मेख आहे ती ट्रेमधल्या गर्दीत. भोपळ्यात 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते उडाल्याशिवाय फोडीचं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, आणि तपकिरी खमंगपणाला 140च्या आसपास तरी लागतात. फोडी एकमेकींवर रचल्या तर त्या वाफेतच शिजणार. मग ओव्हन लावून काय मिळवलं? एका थरात, मध्ये फट ठेवून पसरल्या की कडा काळपट-तांबूस होतात आणि बोटाला चिकट लागतात. तोच पाक सूपात उतरतो. वेळ जातो आणि वीजही, पण या वेळात तुम्ही गॅससमोर उभे नसता.

लोखंडी कढईत हीच चव बऱ्यापैकी मिळते, फक्त राबावं लागतं. मोठी आच, थोडं तेल, फोडी दोन खेपांत. टाकल्यावर तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. सारखं हलवणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. डाग पडले की पलटायच्या. आतून त्या कच्च्याच राहतात, म्हणून पुढे स्टीलच्या पातेल्यात पाणी घालून दहा-बारा मिनिटं शिजवायचं. कढईतच शिजवलं तर सफरचंदाच्या आंबटपणामुळे सूपाला काळपट रंग आणि लोखंडाची चव येते. तळाला चिकटलेलं मात्र पाण्यानं सोडवून लगेच पातेल्यात घ्या.

कुकर? दोन शिट्ट्यांत काम होतं, पण आत सगळं ओलं आणि तापमान 120च्या पुढे जात नाही. सूप मऊ, गोडसर, बाळाला भरवतात तसं लागतं. मसाला वाढवून ते सावरलं तर भोपळा हरवतो. आधी कांदा कुकरमध्येच चांगला खरपूस परतून घेतला तर थोडी भरपाई होते.

मसाल्याच्या पुडी ओव्हनमध्ये घालू नका, तेवढ्या वेळात करपून कडू होतात. जिरं-मिरी वेगळी भाजून कुटा आणि शेवटी लोण्यात फुलवून वरून ओता, चिमूटभर जायफळासह. गरम मसाला घातला की भाजीच्या रश्शाचा वास येतो. सफरचंद हिरवं, आंबट ग्रॅनी स्मिथ मिळालं तर उत्तम. लाल डेलिशियस गोड असतं आणि भोपळाही गोड, तेव्हा लिंबू पिळावंच लागतं.

घरात ओव्हन आहे आणि खाणारे चार-पाच आहेत, तर विचार करू नका, ओव्हनच. दोघांसाठी कढई परवडते. एअर फ्रायरही दोघांपुरता चालेल, मात्र बास्केट अर्धीच भरायची. कुकर फक्त घाईच्या दिवशी. आणि मिक्सरला लावण्याआधी सूप निवू द्या. गरम सूपानं भांडं गच्च भरलं तर वाफेनं झाकण उडतं.